वर काहीतरी टाक

१

भिंगरी शाळेतून आली की मी तिला दारातच उचलून घ्यायची. लाड म्हणून नाही, वजन करायला.

चाळीस वर्षं मी बाजारात मासे विकले. ओट्यावर तराजू होता, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. मासा नुसता तळहातावर घेतला तरी मला वजन कळायचं. लोक पैजा लावायचे आणि हरायचे. मला अक्षर येत नाही, आकडे तेवढे येतात, तेही काट्यावरचे. पण माझा हात कधी चुकला नाही.

त्या दिवसांत हात मला रोज एकच गोष्ट सांगत होता, पोर उतरतेय. अठरा होती, मग सतरा, मग सोळा आणि वर थोडं.

तिची आई, म्हणजे माझी सून, जाऊन आठ महिने झाले होते. दवाखान्यात नेली, तीन आठवडे ठेवली आणि घरी आणायची वेळ आलीच नाही. त्यानंतर भिंगरीनं आधी बोलणं सोडलं आणि मग खाणं. मूळची अशी नव्हती हो. घरभर गरगर फिरायची, म्हणून तर हे नाव पडलं. आता खिडकीशी बसून राहायची. घास तोंडात दिला तर गालात धरून ठेवायची. तासाभरानं बघावं तर घास तिथंच.

डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभी केली. सोळा.

"सहा वर्षांच्या मुलीला हे फार कमी आहे," त्या म्हणाल्या. "दीड महिन्यानं परत आणा. आणखी उतरली तर मला इथं ठेवून घ्यावी लागेल. नळीनं भरवावं लागेल."

माझ्या लेकानं टेबलाची कड घट्ट धरली. त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याची बायको गेली होती.

बाईंना ते कळलं असावं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरात काहीतरी जिवंत आणा. तिच्यावर सोपवा. तिनं दुसऱ्याला भरवलं तर कदाचित स्वतःही खाईल."

"मांजर?" लेक म्हणाला. "पण घर भाड्याचं आहे, मालक ठेवू देणार नाही."

"मग मासे आणा."

दोघंही माझ्याकडे वळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या लेकाच्या ओठांवर हसू आलं.

"माशांचं मी बघते," मी म्हटलं.

२

रंगीत माशांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. लांबट, अंधारं, दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत काचेच्या टाक्या. सगळ्या टाक्यांतून एकच बुडबुड चाललेली, दुकानभर काहीतरी मंद शिजत असल्यासारखी.

दुकानदारानं आधी नुसती टाकीच दिली. दोन फूट लांब, फूटभर रुंद. "पंधरा-वीस दिवस बिनमाशांची चालवा. पाणी मुरलं की या," म्हणाला. ते मला पटलं. घाईनं भरलेल्या पाण्यात जीव टिकत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी मी गेले.

"आजी, मासे पहिल्यांदाच पाळताय?"

"पाळतेय पहिल्यांदाच. कापलेत पुष्कळ."

तो दचकला आणि मग हसला. भला माणूस. एकेक टाकी दाखवत, समजावत निघाला. मी गोल्डफिशवर बोट ठेवलं, तर म्हणाला, "तो नको. वीतभर वाढतो आणि घाण फार करतो. तुमची टाकी त्याला पुरायची नाही." मी तो निळा, झुलत्या शेपटीचा दाखवला.

"तो फायटर. दिसायला देखणा, पण दुसऱ्याची शेपटी बघवत नाही त्याला. कुरतडून ठेवतो."

"आमच्या थोरल्या जाऊबाई."

"मग त्यांना एकट्याच टाकीत ठेवा," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

"असं बघा," तो पुढे म्हणाला, "टाकी म्हणजे तीन मजली घर समजायचं. एकाच मजल्यावर गर्दी झाली की भांडणं. वरच्या मजल्याला गप्पी घ्या, तीन, तिन्ही नर घ्या, नाहीतर महिन्यात पाळणाघर होईल. मधल्या मजल्याला हे निऑन. ते एकटे राहिले तर घाबरून मरतात, म्हणून सहा. आणि तळाला हे मिशावाले दोन, पडलेलं वेचून खातात. झाले अकरा. याच्यावर एकही नको."

त्यानं निऑन एका पिशवीत घातले, गप्पी आणि मिशावाले दुसरीत. मी दुसरी पिशवी हातावर घेऊन पाहिली. दीड किलो, पाण्यासकट. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"आता वर काहीतरी टाक."

बाजारात वजन झालं की गिऱ्हाईक हे म्हणतंच, आणि आपण एक लहानसा मासा वर टाकतोच. चाळीस वर्षं मी टाकत आले होते. घेणारीच्या जागी उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली होती, सोडते कशी?

"आजी, टाकीत जागा नाही आणखी."

"तू टाक तर. आजवर सगळ्यांना मी वर टाकलं, आता माझी पाळी."

तो वैतागला नाही. मजाच वाटली त्याला. खालच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात एक टाकी रिकामी होती. पाणी होतं, दिवा होता, आत काही नव्हतं. त्यानं जाळी उचलली, त्या टाकीत बुडवली, इकडून तिकडे फिरवली आणि रिकामी जाळी मोठ्या थाटात माझ्या पिशवीत झटकली.

"घ्या. तुमचा वरचा."

"लबाडा," मी म्हटलं. त्यानं पिशवीला रबर लावलं आणि माझ्या हातात दिली.

पावणेदोन किलो.

मी थांबले. जाळीबरोबर पाणी आलं असेल, असं मनाला म्हटलं. पण पाव किलो पाणी जाळीत येतं कसं?

३

त्यानं बजावून सांगितलं होतं, पिशव्या आधी अर्धा तास टाकीत तरंगू द्या. मग जाळीनं नुसते मासे उचलून टाकीत सोडा. दुकानाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, मोरीत ओता.

निऑनचं मी तसंच केलं. भिंगरी स्टुलावर उभी राहून बघत होती, न बोलता. दुसऱ्या पिशवीतूनही पाच मासे काढले. उरलं ते पाणी. मोरीकडे निघाले आणि पिशवी हाताला लागली. मासे बोटाएवढे, त्यांचं वजन ते काय. पिशवीत नुसतं पाणी, तरी एका बाजूला कलत होती. मध्ये काहीतरी बसल्यासारखी.

माझी चूक झाली ती इथं. दुसरी कुणी असती तर तिनं ते पाणी ओतून दिलं असतं. पण जे माझ्या हातानं तोलून घेतलं, ते मोरीत सोडायचं? जन्मात कधी केलं नव्हतं. वाटलं, एखादं पिल्लू असेल, आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नसेल.

मी पिशवी टाकीवर उलटी केली.

पाणी पडल्याचा आवाज झाला. आणि त्यानंतर, एका श्वासाएवढ्या अंतरानं, आणखी एकदा काहीतरी पडल्याचा.

४

पहिले दोन दिवस मासे कोपऱ्यांत दडून होते. नवीन घर, घाबरले असतील. तिसऱ्या दिवशी फिरायला लागले. निऑन सहाच्या सहा ओळीनं निघायचे, मध्यापर्यंत सरळ यायचे आणि तिथं वळण घ्यायचे. पुढे जाऊन ओळ पुन्हा सरळ. वरून गप्पी येत, तेही तिथं आले की बाजूनं जात. मूठभर जागा होती ती, टाकीच्या मधोमध. तिथं काही नव्हतं.

मी म्हटलं, पंपाचा झोत लागत असेल. लेकाकडून पंप दुसऱ्या बाजूला लावून घेतला. जागा तशीच राहिली.

भिंगरी रोज सकाळी चिमटीनं दाणे टाकायची. दाणे सावकाश खाली यायचे. त्या जागेवर आले की थांबायचे, आणि मग उतारावरून घसरावेत तसे दोन्हीकडे ओघळायचे. मी नाक काचेला लावून बघितलं. पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

"आजी," भिंगरी म्हणाली.

माझ्या हातातलं फडकं पडलं. आठ महिन्यांनी तिच्या तोंडून 'आजी' ऐकत होते.

"काय गं राणी?"

"ते सगळे त्याला वाट देतात."

"कुणाला?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच लहान होते. "तू वर घेतलंस ना, त्याला."

दुकानात ती माझ्याबरोबर नव्हती. मी घरात कुणाला ते बोललेही नव्हते. आठवून आठवून पाहिलं, नव्हतेच बोलले. पण त्या घटकेला मी त्याचा विचार केला नाही. पोर बोलली होती. मी तिला कवटाळलं आणि रडले.

५

त्या दिवसापासून ती जेवायला लागली. फक्त हट्ट एकच, ताट घेऊन टाकीशी बसणार, आमच्याकडे पाठ करून. लेक म्हणाला, "बसू दे आई. छतावर बसून जेवते म्हणाली तरी मी शिडी लावून देईन." ताट लख्ख रिकामं परत यायचं. ती टाकीशी बडबडायची, मध्येच थांबून ऐकायची, खुदकन हसायची. लेकाच्या चेहऱ्यावर रंग आला. दाढी करायला लागला, शीळ घालायला लागला.

मी मात्र दारात तिला उचलायची, आणि हात म्हणायचा, सोळा.

आठवडा झाला, दहा दिवस झाले. दोन वेळचं भरलं ताट आणि वर दूध. सोळाच. मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं तेवढंच. मग ते अन्न जातं कुठं? मला वाटलं, टाकीत टाकत असेल. पण खरकटं पाण्यात पडलं तर पाणी नासतं, वास सुटतो. वास मला कुणी शिकवायला नको. पाणी तर काचेसारखं होतं. एक कण नव्हता त्यात.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली, त्याची लाज वाटते. टाकी भरली तेव्हा पाण्याच्या पातळीवर मी बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावला होता, म्हणजे पाणी आटलं की कळावं. एके दुपारी काच पुसताना पाहिलं, पाणी पट्टीच्या एक बोट वर.

"तू पाणी घातलंस का रे?"

"मी कशाला घालू? तूच घातलं असशील, विसरलीस."

विसरले? पहिल्या दिवशी पहिला मासा किती वजनाचा विकला ते मला आठवतं.

तिसऱ्या दिवशी दीड बोट. आठवड्यानं दोन. बादलीत मासा टाकला की पाणी चढतं, हे पाहण्यात जन्म गेला माझा. पाणी उगाच चढत नाही. आणि मधली ती जागा आता मुठीएवढी राहिली नव्हती. मोठ्या कलिंगडाएवढी झाली होती. निऑन एका काचेला चिकटून चालत, एकामागे एक, भिंतीला धरून अरुंद वाटेनं जावं तसे. मिशावाले दोघं तळाच्या कोपऱ्यात एकमेकांवर पडलेले. गप्पी वरच्या काठाशी तोंडं लावून.

ते मासे कशाला तरी वाट देत नव्हते. त्यांना वाट उरली नव्हती.

६

मी दुकानात गेले. तो हसत उठला, "काय आजी, वरचा कसा आहे?"

"त्या कोपऱ्यातल्या टाकीत काय होतं?"

"काही नाही. रिकामीच असते ती."

"का रिकामी? एवढ्याशा दुकानात जागा वाया का घालवतोस?"

त्याचं हसू गेलं. जाळीच्या दांड्याशी चाळा करत म्हणाला, "काही ठेवलं तर टिकत नाही त्यात. मासे कोपऱ्यात जमतात आणि उपाशी मरतात. तीनदा धुतली, पाणी बदललं. मग ठेवणंच सोडलं." त्यानं मान वळवून खालच्या रांगेकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या टाकीत आता पिवळे मासे होते, दहाबारा, मजेत सगळीकडे फिरत होते.

"परवा सहज ठेवून बघितले," तो हळूच म्हणाला. "छान राहतायत."

त्यानं जाळी खाली ठेवली.

"आजी, घेऊन या परत. पाण्यासकट आणा. मी बघतो काय करायचं ते."

मी घरी आले, बादली काढली. भिंगरी बादलीकडे पाहात राहिली आणि तिला कळलं. तिनं थयथयाट केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ती हळूच खिडकीशी गेली, तिच्या जुन्या जागी बसली आणि ओठ मिटून घेतले. तेच ओठ. आठ महिने मी ते बघितले होते.

"भिंगरी, बोल गं," मी म्हटलं. "नाही नेत मी. बोल काहीतरी."

"खरंच नाही?"

"दोन दिवस राहू दे," मी म्हटलं. तिला म्हटलं की स्वतःला, माहीत नाही. डॉक्टरीणबाईंकडे जायला चारच दिवस उरले होते. तेवढे दिवस ती हसती राहिली, जेवती राहिली तर बाई तिला ठेवून घेणार नाहीत. मग नेऊ टाकी परत. असा हिशेब मी केला आणि बादली मोरीत उपडी घातली.

७

ज्या दिवशी दवाखान्यात जायचं, त्या दिवशी सकाळी भिंगरी स्वतःच दप्तर घेऊन शाळेला निघाली. मी तिला सोडून आले आणि टाकीकडे पाहिलं.

मासे मोकळे फिरत होते. निऑन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेले. मधून गेले. गप्पी तळापर्यंत उतरून वर आले. पाणी उतरून पुन्हा पट्टीवर आलं होतं.

जमीन पाहिली. कोरडी. टाकीखालचं कापड कोरडं. हात फिरवला, कुठे ओल नव्हती. मी मापाचं भांडं घेतलं आणि काल पाणी जिथवर चढलं होतं तिथवर भरलं. एक लिटर, दोन, तीन. सहा भांडी लागली.

सुटका झाली, असं वाटलं मला. खोटं कशाला सांगू, मी देवापुढे हात जोडले. गेलं असेल, जसं आलं तसं.

दुपारी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. घंटा झाली आणि पोरांचा लोंढा सुटला. ढकलाढकली, आरडाओरडा, दप्तरांवर दप्तरं. आणि त्या लोंढ्यात मधोमध एक मोकळी जागा चालत येत होती. पोरं तिच्यापाशी आली की बाजूला होत. कुणी तिकडे बघत नव्हतं, कुणी बोलणं थांबवत नव्हतं. नुसती वळत आणि पलीकडे पुन्हा एक होत. त्या जागेच्या कडेला भिंगरी होती. हसत होती. तिचा डावा हात बाजूला धरलेला होता, जरासा वर.

"आजी!" ती धावत आली.

मी सवयीनं वाकले, तिला उचललं. अर्ध्यावर माझी कंबर धरली.

सोळा आणि सहा.

"उतर," मी म्हटलं. "उतर खाली, राणी."

"दोघं?" तिनं विचारलं.

८

डॉक्टरीणबाईंचा काटा जुना आहे, घड्याळासारखी तबकडी असलेला. लेक कामावरून थेट आला होता. भिंगरी चढली. काटा थरथरला आणि थांबला.

"बावीस!" बाई खुर्चीतून उठल्याच. "दीड महिन्यात सहा किलो? आजी, काय खायला घालता काय हिला?"



"मासे," लेक म्हणाला. "माझ्या आईनं मासे निवडले, बाई. एकेक पारखून."

"आता ठेवून घ्यायचा प्रश्नच नाही," म्हणत बाई लिहायला बसल्या. लेकानं चष्मा काढून डोळे पुसले. मी भिंगरीचं मनगट बघत होते. माझ्या दोन बोटांत मावेल तेवढंच होतं. फ्रॉक खांद्यावरून तसाच घसरत होता. म्हणावंसं वाटलं, बाई, वर बघा. कागद ठेवा आणि या पोरीकडे बघा. पण म्हटलं असतं आणि त्यांनी तिला ठेवून घेतलं असतं तर? त्या वरच्या मजल्यावर, एकटीला? एकटीला तरी कुठं.

भिंगरी काट्यावरून खाली उतरली.

मी तबकडीकडे पाहिलं. अक्षर येत नाही मला, पण काटा येतो. तो बावीसवरून निघाला, खाली आला आणि सहावर थांबला. रिकामा काटा, वर कुणी नाही, आणि सहा. बाई लिहीत होत्या. लेक चष्मा पुसत होता. मी मोजलं, पाच श्वास.

भिंगरीनं दारापाशी जाऊन मागे वळून हात पुढे केला. "चल ना," ती म्हणाली.

काटा शून्यावर आला.

मी दारातच उभी होते. मला कुणी सरक म्हटलं नाही, कुणी धक्का दिला नाही. तरी मी बाजूला सरले, आणि भिंतीला पाठ लावून वाट दिली.